ट्रॅकरवर आकाश शूट करताना कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवावं का?

प्रश्न असा आलाय की ट्रॅकरवर (ताऱ्यांमागे कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) कॅमेरा लावून ४ मिनिटांचं एक्सपोजर घेतलं की कॅमेरा पुढची ४ मिनिटं नुसता अडकून बसतो, काहीच करू देत नाही, आणि ते सेटिंग बंद केलं तर फोटोभर लाल निळे हिरवे ठिपके दिसतात, मग करायचं काय. उत्तर आधीच देऊन टाकतो. आकाशाच्या एकाच भागाच्या भरपूर फ्रेम घेऊन नंतर स्टॅक करणार असाल, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक रचून एक फोटो बनवणार असाल, तर बंद करा, आणि एकच फ्रेम घेऊन तीच वापरणार असाल तर चालू ठेवा. मी स्वतः आकाशासाठी ते कायम बंद ठेवतो आणि खालच्या जमिनीच्या भागासाठी, म्हणजे फोरग्राउंडसाठी, चालू करतो. पण हे नुसतं पाठ करून भागत नाही, कॅमेरा कुठला, रात्र किती गरम, स्टॅकिंग कसं करता यावर उत्तर फिरतं, म्हणून आत नक्की काय होतं ते नीट सांगतो.

आधी एक गल्लत दूर करू, कारण बरेच जण दोन वेगळ्या सेटिंगना एकच समजतात. मेनूत एक हाय आयएसओ नॉइज रिडक्शन असतं आणि एक लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन. पहिलं जेपेग बनवताना फोटो थोडा गुळगुळीत करतं, रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या डेटाला, ते साधारणपणे हात लावत नाही, त्यामुळे रॉ शूट करणाऱ्याने त्याचा विचारच करायचा नाही. दुसरं मात्र रॉ फाइलमध्येच बदल करतं, फाइल कार्डवर लिहिली जायच्या आधी. म्हणजे एकदा ते चालू ठेवून फोटो काढला की मूळ डेटा परत मिळत नाही. आपण फक्त या दुसऱ्याबद्दल बोलतोय.

ते काय करतं? तुमचं ४ मिनिटांचं एक्सपोजर संपलं की कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी एक ४ मिनिटांचं एक्सपोजर घेतो, ज्यात प्रकाश अजिबात नसतो. याला डार्क फ्रेम म्हणतात. मग पहिल्या फ्रेममधून ही डार्क पिक्सल टू पिक्सल वजा करतो आणि जे उरलं ते सेव्ह करतो. बस, एवढंच. साधारण १ सेकंद किंवा त्याहून मोठ्या एक्सपोजरला हे लागू होतं. कॅननमध्ये ऑटो पण असतं, त्यात कॅमेरा स्वतः नॉइज दिसतोय का बघून ठरवतो, ते मला अजिबात नको वाटतं कारण मग काही फ्रेमवर वजाबाकी झालेली आणि काहींवर नाही असा मिश्र माल हातात येऊ शकतो. निकॉनमध्ये डार्क चालू असताना मध्येच कॅमेरा बंद केला तर फोटो सेव्ह होतो पण नॉइज रिडक्शनशिवाय, हे लक्षात ठेवा, ढग आले किंवा घाईत आवरायचं असेल तेव्हा उपयोगी पडतं.

आता वजा नक्की काय होतं ते बघू, कारण सगळी गंमत इथेच आहे. सेन्सर अंधारात ठेवला तरी त्याच्या उष्णतेमुळे प्रत्येक पिक्सलमध्ये हळूहळू इलेक्ट्रॉन जमा होत राहतात. याला डार्क करंट म्हणतात. एक्सपोजर दुप्पट केलं की हे इलेक्ट्रॉन दुप्पट, आणि तापमान साधारण ६ डिग्री सेल्सियस वाढलं की पण जवळपास दुप्पट (सेन्सरप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो). सगळे पिक्सल सारखे नसतात, काहींमध्ये गळती फारच जास्त असते, तेच तुमचे लाल निळे हिरवे ठिपके, हॉट पिक्सल. रंग का दिसतात तर प्रत्येक पिक्सलवर एकाच रंगाचा फिल्टर असतो, लाल फिल्टरखालचा पिक्सल गळका असेल तर लाल ठिपका.

या डार्क करंटचे दोन भाग असतात आणि हे दोन भाग वेगळे करून डोक्यात बसले की बाकीचं सगळं आपोआप सुटतं. एक भाग ठरलेला असतो, म्हणजे अमुक पिक्सल अमुक तापमानाला ४ मिनिटांत सरासरी १०० इलेक्ट्रॉन गळतो तर तो दर वेळी तेवढेच गळणार. हा पॅटर्न डार्क फ्रेममध्ये पण तसाच उमटतो म्हणून वजा होऊ शकतो. दुसरा भाग मात्र पूर्ण रँडम. सरासरी १०० असली तरी एका फ्रेमला ९२ येतील, दुसऱ्याला १०७, साधारण वर्गमूळाएवढा म्हणजे १० चा चढउतार राहतोच. तो डार्कमध्ये वेगळा आणि फोटोत वेगळा. मग वजाबाकीने तो कमी कसा होणार? होत नाही, उलट वाढतो, कारण फोटोचा रँडम नॉइज आहेच आणि त्यात आता डार्कचा रँडम नॉइज पण येऊन मिसळला.

वजनकाट्यावर डब्यासकट धान्य तोलून नंतर रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो ना, तसंच आहे हे. डब्याचं वजन बरोबर निघून जातं, पण काटा जर दर वेळी थोडा हलत असेल तर ती चूक दोन वेळा तोलल्यामुळे दोनदा येते. रिकामा डबा वीस वेळा तोलून सरासरी घेतली तर मात्र त्या बाजूची चूक जवळजवळ संपते. कॅमेरा डबा एकदाच तोलतो. त्याच्या पद्धतीतली खरी कमतरता एवढीच आहे.

आकड्यात बोलू. डार्क आणि रीड नॉइजचा (सेन्सरमधले आकडे वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारा नॉइज) जो रँडम भाग आहे तो एका डार्कच्या वजाबाकीने १.४१ पट होतो, म्हणजे ४१ टक्के जास्त. तुम्ही स्वतः १६ डार्क घेऊन त्यांची सरासरी वजा केली तर वाढ फक्त ३ टक्के. २५ घेतले तर २ टक्के. पण हे एकूण नॉइजचं गणित नाही, आकाशाचा स्वतःचा नॉइज पण असतो. समजा एका पिक्सलवर आकाशाच्या उजेडाचे ४०० इलेक्ट्रॉन आले, डार्कचे २०, आणि रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन. नॉइजचे वर्ग मिळवायचे, ४०० अधिक २० अधिक ९, झाले ४२९, वर्गमूळ २०.७. आता कॅमेऱ्याने एक डार्क वजा केली तर अजून २० अधिक ९ मिळवा, ४५८, वर्गमूळ २१.४. फरक जेमतेम ३ टक्के, डोळ्याला कळणार पण नाही. म्हणजे शहराजवळ उजळ आकाशाखाली शूट करत असाल तर एक डार्क वजा केल्याने दाणे वाढतात ही भीती फारशी खरी नाही. पण आकाश एकदम काळं असेल, किंवा हायड्रोजन अल्फाचा नॅरोबँड फिल्टर (हायड्रोजनच्या एका लाल रंगाचाच प्रकाश आत सोडणारा) लावला असेल आणि आकाशाचे फक्त २० इलेक्ट्रॉन येत असतील, तर ४९ चं वर्गमूळ ७ आणि ७८ चं ८.८. म्हणजे २६ टक्के जास्त नॉइज. एवढ्या लांब अंधारात जाऊन, एवढा महाग फिल्टर लावून हे नुकसान स्वतःहून ओढवून घेणं मला पटत नाही.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी खरा खर्च वेळेचा आहे. आपल्याला मिळणारी स्वच्छ, चंद्र नसलेली, हवं ते तारकासमूह वर असलेली रात्र फार थोडी असते. समजा २ तास मिळाले. नॉइज रिडक्शन बंद ठेवून ४ मिनिटांच्या ३० फ्रेम होतात, म्हणजे पूर्ण १२० मिनिटांचा प्रकाश. चालू ठेवलं तर १५ फ्रेम, ६० मिनिटांचा प्रकाश, उरलेला एक तास कॅमेरा डोळे मिटून बसलेला. स्टॅकिंगमध्ये सिग्नल टू नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढतो, म्हणजे ३० फ्रेमचा स्टॅक १५ च्या स्टॅकपेक्षा १.४१ पट चांगला. ही तफावत नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही, प्रकाशच गोळा केला नाही तर तो आणणार कुठून. स्वतः २० डार्क घ्यायला पण वेळ लागतोच, पण तो वेळ आकाशाचा नसतो. ढग आल्यावर घ्या, चंद्र उगवल्यावर घ्या, पहाटे उजाडायला लागल्यावर सामान आवरताना घ्या, लेन्सला कॅप लावून कॅमेरा तसाच क्लिक करत बाजूला ठेवा.

आता कोणी म्हणेल की कॅमेऱ्याची डार्क लगेच घेतलेली असते त्यामुळे तापमान अगदी जुळतं, आपली पहाटेची डार्क कशी जुळणार? हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि या सेटिंगच्या बाजूने हाच सगळ्यात दमदार मुद्दा आहे. कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरचं तापमान रात्रभर बदलत असतं. संध्याकाळी सुरुवात केली आणि पहाटेपर्यंत १२ डिग्री उतरलं तर डार्क करंट चौथाईवर येतो. मग पहाटेच्या डार्क संध्याकाळच्या फ्रेमला कमी पडतात, ठिपके शिल्लक राहतात. उलट गरम असताना घेतलेल्या डार्क थंड फ्रेममधून वजा केल्या तर जास्त वजा होतं आणि ठिपक्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रॉ फाइलच्या माहितीत कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं, एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने बघता येतं, ते सेन्सरच्या आतलं नेमकं तापमान नसलं तरी फ्रेम आणि डार्क जुळतात का याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. मी तर डार्क दोन हप्त्यात घ्यायला सांगतो, काही मध्यरात्री टार्गेट बदलताना आणि काही शेवटी, आणि त्या त्या वेळच्या फ्रेमला त्या त्या डार्क.

पण तापमान जुळवायची ही सगळी मारामारी निम्म्याहून जास्त हलकी करणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे डिदरिंग. मला विचाराल तर कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यावर डार्कपेक्षा डिदरिंग जास्त महत्त्वाचं आहे. करायचं काय तर दर फ्रेमनंतर, किंवा दर दोन-तीन फ्रेमनंतर, कॅमेऱ्याची दिशा थोडीशी हलवायची, १०-१५ पिक्सल इतकी, आणि दर वेळी वेगळ्या बाजूला. तारे सेन्सरवर दर वेळी नव्या जागी पडतात पण हॉट पिक्सल सेन्सरला चिकटलेले, ते जागेवरच. नंतर सॉफ्टवेअर तारे एकावर एक जुळवतं तेव्हा हॉट पिक्सल प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पडतो, आणि एखाद्या जागी ३० पैकी २९ फ्रेम एक सांगतायत आणि एकच फ्रेम लालभडक काहीतरी सांगतेय असं दिसलं की सिग्मा क्लिपिंग (बाकीच्यांपासून फार वेगळे आकडे वगळायची स्टॅकिंगमधली पद्धत) ती एक फेकून देतं. उपग्रहांच्या रेषा आणि विमानं पण त्याच झटक्यात जातात. यासाठी फ्रेम मात्र पुरेशा पाहिजेत, पाच-सहा फ्रेमवर सिग्मा क्लिपिंगला काय खरं काय खोटं ते ठरवता येत नाही, १५ च्या पुढे ते छान चालतं. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, पिक्सइनसाइट या सगळ्या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, डीपस्कायस्टॅकरमध्ये कप्पा-सिग्मा नावाने सापडेल.

गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा बघून ट्रॅकिंग सुधारणं) आणि लॅपटॉप असेल तर डिदरिंग आपोआप होतं. नुसता छोटा ट्रॅकर असेल तरी हाताने करता येतं, दर पाच-सहा फ्रेमनंतर ट्रॅकरची बटणं दाबून थोडं पुढे किंवा मागे, डेकचा (उत्तर-दक्षिण हलवायचा) नॉब असेल तर तो किंचित फिरवा, हलवल्यावर काही सेकंद थांबा आणि पुढची फ्रेम. कंटाळवाणं आहे पण करा. कारण न करता सोडलं तर दुसरंच दुखणं येतं: पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे जुळवणं) कधीच अगदी शंभर टक्के नसते, त्यामुळे तारे सेन्सरवर एकाच दिशेने हळूहळू सरकत राहतात, आणि स्टॅक केल्यावर सेन्सरचा पॅटर्न त्या दिशेने ओढला जाऊन सगळ्या फोटोवर तिरप्या पावसासारखे ओरखडे दिसतात. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. लोक समजतात की नॉइज रिडक्शन चालू केलं की हे जाईल. कमी होतं, जात नाही, कारण एका डार्कच्या वजाबाकीनंतर जो उरलासुरला पॅटर्न राहतो तो पण तसाच ओढला जातो. रँडम दिशेने हलवणं हाच त्यावरचा उपाय.

डिदरिंगने न जाणारी एक गोष्ट सांगून ठेवतो, अँप ग्लो. काही सेन्सरमध्ये कडेला किंवा कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक्समुळे जांभळट किंवा लालसर उजेड पसरतो. तो इतका मोठा असतो की १५ पिक्सल हलवून त्याला काही फरक पडत नाही, तो वजाच करावा लागतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो असेल तर डार्क हव्यातच, भले स्वतःच्या असोत.

मग तुमच्या कॅमेऱ्याला डार्कची गरज आहे का हे कसं ठरवायचं? कोणाला विचारू नका, स्वतः बघा, ढगाळ रात्री पण होतं हे काम. लेन्सला कॅप लावा, डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर पण झाका कारण तिथून प्रकाश शिरतो, आणि शूटिंगला जेवढं तापमान असतं साधारण तेवढ्यात कॅमेरा ठेवा. तुमच्या नेहमीच्या आयएसओला ३० सेकंद, २ मिनिटं, ४ मिनिटं अशा रॉ फ्रेम घ्या, आधी नॉइज रिडक्शन बंद ठेवून आणि मग चालू करून. सुरुवातीच्या एक-दोन सोडून द्या, सेन्सर गरम व्हायला थोडा वेळ लागतो. मग त्या कॉम्प्युटरवर जोरात स्ट्रेच करून, म्हणजे अंधारा भाग खूप उजळून, बघा. ठिपके किती, कोपऱ्यात ग्लो आहे का, आणि चालू-बंदमध्ये फरक काय. गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या बऱ्याच सेन्सरमध्ये डार्क करंट पिक्सलच्या पातळीवरच दाबलेला असतो, त्यात थंड रात्री २ मिनिटांच्या फ्रेममध्ये बघण्यासारखं काही सापडतच नाही. अशा कॅमेऱ्यावर मी डार्क घेतच नाही, डिदरिंग आणि सिग्मा क्लिपिंग पुरतं. न जुळणाऱ्या डार्क लावून चांगला डेटा बिघडवण्यापेक्षा डार्क न लावणं कधीही बरं. जुना कॅमेरा असेल, २००५-१० च्या काळातला, आणि रात्र गरम असेल, तर चित्र एकदम वेगळं दिसेल आणि मग डार्क घ्याच.

या टेस्टमध्ये अजून एक बघा. नॉइज रिडक्शन चालू ठेवलेल्या ४ मिनिटांच्या फ्रेममध्ये काळे टोकदार ठिपके दिसतात का. एखादा हॉट पिक्सल इतका गळका असतो की ४ मिनिटांत तो पूर्ण भरून जातो, डार्कमध्ये पण तो पूर्ण भरलेला, भरलेल्यातून भरलेला वजा केला की शून्य, आणि तिथे काळं भोक. लाल ठिपका गेला पण त्या जागची माहिती काही परत आली नाही. एक्सपोजर लहान ठेवलं की असे पिक्सल भरतच नाहीत.

त्यावरून थेट तुमच्या ४ मिनिटांवर येतो. एवढं लांब एक्सपोजर खरंच लागतं का? फ्रेम एवढीच लांब हवी की आकाशाचा नॉइज कॅमेऱ्याच्या रीड नॉइजवर सहज मात करेल. मी वापरतो तो नियम असा की आकाशाचे इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या वर्गाच्या १० पट झाले की बास, त्यानंतर रीड नॉइजमुळे एकूण नॉइज फक्त ५ टक्के वाढतो. रीड नॉइज ३ असेल तर ९० इलेक्ट्रॉन. एफ २.८ च्या लेन्सला एवढं व्हायला ४ मिनिटं सहसा लागत नाहीत, उजळ आकाशाखाली तर मिनिटभर पण पुरतं. इलेक्ट्रॉन मोजायची सोय नसेल तर कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला दिसला पाहिजे, साधारण पाव ते एक तृतीयांश जागेवर. लहान फ्रेमचे फायदे पण बघा: हॉट पिक्सल फिके, तारे कमी जळतात, ट्रॅकिंग चुकलं किंवा विमान गेलं तर नुकसान छोटं, आणि फ्रेमची संख्या वाढल्यामुळे सिग्मा क्लिपिंगला भरपूर माल. नॅरोबँडला किंवा एफ ५.६ च्या वरच्या टेलिस्कोपला अंधाऱ्या आकाशाखाली लांब एक्सपोजर लागतं, ते वेगळं.

काही प्रकारच्या फोटोंना तर हे सेटिंग चालू राहिलं तर रात्रच वाया जाते, आणि दर वेळी कोणाचा तरी असा फोटो बघायला मिळतो म्हणून वाईट वाटतं. स्टार ट्रेल्स त्यात पहिले. ३० सेकंदांची फ्रेम आणि मग ३० सेकंद डार्क, तेवढ्यात आकाश साडेसात आर्कमिनिट पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे सलग रेषेऐवजी तुटक तुटक डॅश येतात. टाइमलॅप्सचं तेच. उल्कावर्षावात निम्मा वेळ शटर बंद, आणि सगळ्यात मोठी उल्का नेमकी कधी पडेल ते कोणाच्या हातात आहे. इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप क्लिक करणारं रिमोट) लावला असेल तर तो ठरल्या वेळी क्लिक करतो पण कॅमेरा डार्कमध्ये अडकलेला, मग एक आड एक फ्रेम गायब, आणि लोक इंटरव्हलोमीटर खराब आहे समजून नवा घेतात. पॅनोरामाला पण नको, १२ पॅनेल ३० सेकंदांची घेतली तर ६ मिनिटांचं काम १२ मिनिटांवर जातं, तेवढ्यात आकाश दीडच्या जागी ३ अंश फिरतं आणि जोडताना क्षितिजाशी भांडण सुरू होतं.

चालू कधी ठेवायचं ते पण मनापासून सांगतो, कारण या सेटिंगला सरसकट नावं ठेवणारे पण बरेच आहेत आणि ते बरोबर नाही. वजाबाकीमागचं विज्ञान अगदी योग्य आहे. फोरग्राउंडची एकच ५-६ मिनिटांची फ्रेम, कमी आयएसओला, ट्रॅकर बंद करून, तिथे ते चालू ठेवा. त्या फ्रेमला स्टॅक करायला सोबती नसतात, खडकांच्या आणि झाडांच्या काळ्या सावल्या नंतर उचलायच्या असतात, आणि नेमक्या त्या सावल्यांतच हॉट पिक्सल सगळ्यात जास्त टोचतात. तापमान जुळलेली एक डार्क तिथे उत्तम काम करते. गरम रात्री एकच फ्रेम काढून लगेच कोणाला पाठवायची असेल, किंवा स्टॅकिंग करायचंच नसेल, तेव्हा पण चालू. स्टॅक न करता १५-२० सेकंदांची मिल्की वेची एकेक फ्रेम काढणाऱ्याला थंड रात्री काही फरक जाणवणार नाही, गरम रात्री थोडा जाणवेल. कॅननच्या काही फुल फ्रेम डीएसएलआरमध्ये अशी सोय आहे की बफर भरेपर्यंत तीन-चार फ्रेम सलग घेऊ देतात आणि मग सगळ्यांसाठी एकच डार्क घेतात, तुमच्याकडे तसा कॅमेरा असेल तर फोरग्राउंडचे दोन-तीन अँगल त्यात बसतात.

चालू ठेवलं तर बॅटरी जवळपास दुप्पट वेगाने उतरते, हे वेगळं सांगायला नको. आणि बंद असो की चालू, सेन्सर थंड राहील ते बघा: लाइव्ह व्ह्यूवर फोकस झाला की लगेच बंद, मागची स्क्रीन बाहेर वळणारी असेल तर कॅमेऱ्यापासून लांब उघडून ठेवा. दोन-चार डिग्री वाचल्या तरी डार्क करंटमध्ये दिसतात.

अजून एका गोष्टीचा उल्लेख करतो कारण ती याच विषयात मिसळली जाते. काही कॅमेरे काही सेकंदांच्या वरच्या एक्सपोजरला रॉ फाइलवरच एक छोटा फिल्टर फिरवतात, शेजाऱ्यांपेक्षा फारच उजळ एकटा पिक्सल दिसला की त्याला हॉट पिक्सल समजून खाली दाबतात. बारीक तारा पण असाच एकटा पिक्सल असतो, त्यामुळे तो पण दाबला जातो. सोनीच्या आल्फा सेव्हन मालिकेतल्या काही जुन्या मॉडेलच्या संदर्भात यावर बरीच चर्चा झाली आणि लोकांनी त्याला स्टार ईटर नाव दिलं. हे लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन नाही, मेनूतून ते बंद केलं म्हणून हे बंद होत नाही. डार्क वजा केल्याने तारे खाल्ले जात नाहीत.

तुमच्यासाठी सांगायचं तर पुढच्या वेळी सेटिंग बंद, ऑटो पण नको, २ मिनिटांच्या फ्रेम, दर तीन फ्रेमला हाताने डिदर, आवरताना त्याच आयएसओच्या त्याच २ मिनिटांच्या २० डार्क. आणि आधीच्या रात्रीच्या चालू ठेवून काढलेल्या ज्या फ्रेम आहेत त्या टाकून देऊ नका, त्यात खरा प्रकाश आहे. फक्त त्यांच्यातून डार्क आधीच वजा झालेली आहे, नवीन डार्क त्यांना परत लावली तर दोनदा वजा होऊन खड्डे पडतील. डीपस्कायस्टॅकरमध्ये त्या फ्रेम वेगळ्या ग्रुपमध्ये टाका, आणि डार्क फक्त नव्या फ्रेमच्या ग्रुपमध्ये, मेन ग्रुपमध्ये डार्क ठेवू नका कारण मेन ग्रुपमधल्या डार्क सगळ्याच ग्रुपना लागतात. सिरिल वापरत असाल तर दोन्ही गठ्ठे वेगवेगळे कॅलिब्रेट करून घ्या (डार्क वगैरे वजा करणं), मग एकत्र करून रजिस्टर (तारे जुळवणं) आणि स्टॅक करा. एक्सपोजर वेगळं असल्यामुळे नॉर्मलायझेशन (सगळ्या फ्रेमचा उजेड एका पातळीवर आणणं) चालू ठेवायचं, आणि फ्रेमना वजन द्यायची सोय वापरली तर ४ मिनिटांच्या फ्रेमला ते थोडं जास्त मिळेल, ते बरोबरच आहे.